सावलीत लावायची ट्रॉली

गुरुवार, दिवस मावळताना. गिरडच्या टेकडीखाली.

बॅटरीचा मीटर १२.३ व्होल्ट दाखवतो. निघताना सुमनने अट घातली होती, रात्रभर पंखा चालला तरच ती पुन्हा या ट्रॉलीत मुक्कामाला येईल. ट्रॉलीवरची ही खोली मी एकट्याने बांधली, वायरिंगही कुणाला न विचारता शिकलो. सोलर प्लेटसाठी ट्रॉली दिवसभर उन्हात ठेवली, आणि दुपारी नेमके ढग आले. म्हणून दिवे बंद, रेडिओ बंद. तरी १२.३च. सकाळपर्यंत पुरेल का?

सुमन दिवसभर पलीकडे कडुलिंबाखाली बसली होती. आत्ता तिथूनच विचारलं, "अवो, अंधार काऊन करून ठेवला?"

"तुझ्या पंख्यासाठी बॅटरी वाचवून राह्यलो."

"वारा पाहा कसा सुटला. मले नाई लागत पंखा. तुमी त्या आकड्यालेच हवा घालत बसा."

मग दिवसभर मी काय वाचवलं? खिडकीतून दिसतं, कडुलिंबाचा मोहोर तिच्या केसांत पडतो आहे, आणि ती झटकत नाही. सतरंजी अंथरून एका कडेला सरकून बसली आहे.

"पुढच्या खेपेले ट्रॉली सावलीत लावजा," म्हणाली.

पुढच्या खेपेले म्हणाली. मीटर पुन्हा पाहिला नाही. वही मिटतो, सतरंजीवर जागा आहे.