खोडलेल्या राणीचा धडा

अण्णा, आमच्या ओट्यावर सध्या एक सफरचंद वाळतंय. तुमची नात सातवीत आहे आणि तिला यंदा इतिहासाला प्राचीन इजिप्त आहे. बरणीत मीठ आणि सोडा भरायचा, त्यात सफरचंदाची फोड पुरायची आणि ती कशी सुकते ते रोज बघायचं, असा उद्योग शाळेने दिलाय. तिने बरणी मागितली तेव्हा मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून मी स्वतःवरच चिडले. कारण मला आपलं ठाण्याचं स्वयंपाकघर आठवलं. वर्गात दाखवायला म्हणून तुम्ही आईच्या लोणच्याच्या बरणीत खडेमीठ आणि धुण्याचा सोडा भरताय, मधोमध एक वांगं खुपसताय, आणि आई दारात उभी राहून म्हणतेय, "त्या बरणीला मी कुणाला ओला हात लावू दिला नाही, आणि तुम्ही तिच्यात प्रेत घातलंत?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "प्रेत नव्हे, राजा आहे तो." वांग्याचं पार चामडं झालं. आईने ती बरणी पुन्हा लोणच्याला घेतली नाही. मी मात्र ती तुमच्या मागोमाग वर्गात घेऊन गेले होते, जणू राजा मीच सुकवला होता.

शाळेत मी तुम्हाला सर म्हणायचे. त्या दिवशी तुम्ही हत्शेपसूत राणीची गोष्ट सांगितलीत. खोटी दाढी लावून, राजाचा मुकुट घालून तिने राज्य केलं, चांगलं केलं, आणि ती गेल्यावर सावत्र मुलाने देवळाच्या भिंतींवरून तिचं नाव छिन्नीने खरवडून काढलं. तिथल्या लोकांची श्रद्धा अशी, की नाव उच्चारलं जातं तोवर मेलेला माणूस पलीकडे जगत असतो. नाव पुसलं की तो दुसऱ्यांदा मरतो, आणि त्या मरणाला उपाय नाही. मी हात वर केला. "सर, नाव पुसलं, तर मग ती आपल्याला माहीत कशी?" तुम्ही खडू खाली ठेवलात. "शाब्बास. अगं, खरवडलेल्या जागेलाही आकार असतो. भिंतीवर बाईएवढं भोक पडलेलं दिसतं." मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, त्याला एवढा राग का आला होता. तुम्ही म्हणालात, "राग असता तर गादीवर बसल्या बसल्या खोडलं असतं. त्याने बरीच वर्षं थांबून, थंड डोक्याने केलं. राग नव्हता रे, सोय होती." मला ते वाक्य इतकं आवडलं की घरी येऊन मी ते आईला दोनदा ऐकवलं.

पुढे मी वसईच्या मुलाशी लग्न ठरवलं. मराठी आपल्यासारखीच बोलणारा, आपल्यासारखाच आमटीभात चापणारा, फक्त रविवारी चर्चला जाणारा मुलगा. तुम्ही म्हणालात, "तुमचा निर्णय. आम्ही काही म्हणणार नाही." मला वाटलं, सुटले. गावभर सगळे धर्म सारखे म्हणून भाषणं देणारा माझा बाप आहे, तो आणखी काय म्हणणार? आणि खरंच, तुम्ही जन्मभर काही म्हणाला नाहीत. एकदा ओरडला असतात तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते, रडारड झाली असती आणि गणपतीला सगळे पुन्हा एका पंगतीला बसलो असतो. आम्ही सिडनीला आलो, मुलगी झाली, मी फोटो पाठवले. आईचा फोन यायचा. तुम्ही नेहमी नुकतेच बाहेर पडलेले असायचात.

मग धाकट्याच्या लग्नाची पत्रिका आली. आपल्याकडे पत्रिकेत कोण नसतं? आपले नम्र म्हणून सगळे काका, आत्या, मावश्यांचे यजमान, तुमचे दूधवाल्याच्या वरच्या मजल्यावरचे मित्रसुद्धा. खाली ती नेहमीची लाडिक ओळ, आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं, आणि तिच्याखाली चुलतबहिणीच्या मुलाचं नाव. सख्खी भाची इथे माझ्या मांडीवर बसून पत्रिकेचा कोपरा चघळत होती. तिचं नाव नाही, माझं नाही, माझ्या नवऱ्याचं तर नाहीच. धाकट्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, राहून गेलं असेल गं, छापखान्याची चूक." मी काय तुम्हाला ओळखत नाही? आख्ख्या आळीतल्या पत्रिकांची प्रुफं तुम्ही तपासायचात. तुमच्या हातून अनुस्वार सुटला नाही कधी, आणि मुलगी सुटली? त्या पत्रिकेत मला बाईएवढं भोक दिसलं, अण्णा. बघायला तुम्हीच शिकवलं होतंत.

तुम्ही गेलात तेही मला दहावं झाल्यावर कळलं. "येऊन तरी काय करणार होतीस?" धाकटा म्हणाला. आता लेकीच्या पुस्तकात वाचते, की तिकडे मेल्यावर काळीज तराजूत घालून पिसाशी तोलायचे, आणि ते बोलू नये म्हणून प्रेताच्या छातीवर दगडाचा भुंगा ठेवायचे. माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस, असं त्यावर कोरलेलं. तुमच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं असेल. छातीवर काय ठेवलं होतं? काहीतरी ठेवायला हवं होतं.

हे सगळं आज वर आलं ते लेकीच्या दुसऱ्या उद्योगामुळे. घरातल्या कुणा गेलेल्या माणसासाठी मातीची पाटी करायची: वर नाव, मध्ये आवडते पदार्थ, आणि खाली, ज्याच्यामुळे ते नाव जिवंत आहे त्याचं नाव. त्या लोकांचा तसा रिवाजच होता म्हणे. तिने तुम्हाला निवडलं. मी म्हटलं, नुसतं आजोबा लिही. तिला तुमचं नाव मी कधी सांगितलेलंच नाही, विषयच काढू दिला नाही. तर ती मातीतच बघत म्हणते, "इट्स ओके आई, आय नो इट. डॅड चर्चमध्ये देतो ना, एव्हरी नोव्हेंबर."

नोव्हेंबरात त्यांच्या चर्चमध्ये वारलेल्यांची नावं मोठ्याने वाचतात. घरोघरचे लोक आपापल्या माणसांची नावं लिहून देतात. मी जात नाही, मला ठाऊक नव्हतं. तो कामावरून आला तेव्हा बूट काढायच्या आधीच मी त्याला धरलं. म्हणाला, "आजीचं देतो, काकांचं देतो. सासऱ्याचं काय म्हणून नको?"

"त्यांनी तुला कधी उंबरा ओलांडू दिला?"

"नाही. पण मेलेल्या माणसावर कसलं रुसायचं? तुला सांगितलं असतं तर तू देऊ दिलं नसतंस."

दिलं नसतंच. मी भांडी दणादण डिशवॉशरमध्ये कोंबली. ज्याचं नाव तुम्हाला छापवलं नाही, तो तुमचं नाव वर्षानुवर्षं परक्या देशात, परक्या देवासमोर वाचून घेतोय. तुमच्याच धड्याप्रमाणे बघितलं तर तुम्ही त्याच्या जिवावर जगताय. मला वाटलं होतं हे कळल्यावर आनंद होईल, चांगली जिरली म्हणेन. तसं झालं नाही, आणि त्याचाही राग तुमच्यावरच आहे.

पाटी तयार झालीय. वर तुम्ही, मध्ये पुरणपोळी आणि भजी, खाली तिच्या बापाचं नाव. कोरून झाल्यावर तिने विचारलं, "आई, तुझं पण घालू?" मी नको म्हटलं. तिने खांदे उडवले, पण त्याच्या शेजारी एका नावाची जागा मोकळी ठेवलीय.

या पत्रात तुमचं नाव मी कुठे घातलेलं नाही. पाकिटावर घालावं लागलं असतं, म्हणून पाकीट आणलेलं नाही. एवढं मात्र खरं, की ती झोपायला गेल्यावर मी एक फडकं ओलं करून, पिळून, पाटीवर घातलं. माती सकाळपर्यंत सुकू नये म्हणून.