जोडणाऱ्याने आधी बसावे

सर,

तथ्ये आधी सांगते, क्रमाने. क्रम चुकला की आपण पुढचे ऐकत नसायचात.

पहिले: बॅटरीवर चालणारे, चार आसनांचे एक विमान पुण्यात तयार उभे आहे. ते जागच्या जागी सरळ वर उठते, मग पुढे जाते, आणि उतरतेही सरळ खाली. दुसरे: असे उतरायला फार शक्ती लागते, आणि ती लागते नेमकी बॅटरी सर्वांत रिकामी असताना. उतरण्यापूर्वी तिच्यात किमान किती शक्ती उरलीच पाहिजे, हे ठरवणे माझे काम. तिसरे: रिकामे आणि वाळूच्या पिशव्या भरून, जमिनीवरून चालवत, ते पुन्हा पुन्हा उडवले गेले, माझे आकडे एकदाही चुकले नाहीत. चौथे: येत्या सोमवारी त्यात प्रथमच माणसे बसतील. लोणी काळभोरच्या पलीकडच्या माळावरून उठून, शहराला वळसा घालून, तेथेच उतरतील. पाचवे: त्यासाठी माझी सही हवी. सहावे: मी ती केलेली नाही. सातवे: का केलेली नाही, हे मला माहीत नाही.

सातवे तथ्य आपण कागदावरून खोडले असते. मीही हाताखालच्या लोकांच्या अहवालांतून असली वाक्ये आयुष्यभर खोडत आले. म्हणून गेला आठवडाभर मी सारे गणित पुन्हा मांडले, दुसऱ्या पद्धतीने, मग तिसऱ्या. उत्तर तेच. आमच्या माहितीपुस्तिकेत लिहिले आहे की उद्या कर्वेनगरचा माणूस गच्चीवरून उठून विमानतळावर जाईल, आणि कोल्हापूर, नाशिक शेजारच्या पेठेसारखी होतील. त्या पुस्तिकेतल्या पुण्याच्या आकाशात एकही घार नाही, तेव्हा ती कितपत खरी ते आपण ओळखालच. पण विमान पुस्तिकेसारखे नाही. विमान उत्तम आहे. अडचण तीच आहे.

सोमवारी ते उडवणार असलेला वैमानिक मूळचा नागपूरचा, हवाई दलातून निवृत्त झालेला. काल कँटीनमध्ये चहाचा पेला घेऊन समोर येऊन बसला.

"सही झाली का मॅडम?"

"नाही."

"चूक सापडली?"

"नाही."

"मग?"

"सापडत नाही म्हणूनच."

तो हसला. "तुमच्या पुण्यात नसलेली चूकही काढतात. तुम्हालाच सापडत नाही म्हणजे विमान बरंच दिसतंय." मग चहा संपवून म्हणाला, "तुम्ही सही केली की मी निघालो. मी काही तुमचं गणित तपासणार नाही. मला ते येतही नाही."

हे शेवटचे वाक्य त्याने सहज म्हटले. मी मात्र तेव्हापासून मनाने चाळीसेक वर्षांपूर्वीच्या हडपसरला, आपण ग्लायडिंग शिकवत होतात त्या मैदानावर उभी आहे.

मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे, वर्गात पहिली, आणि ते मी कोणाला विसरू देत नाही. दुरुस्तीनंतर शेडमधून आणलेल्या बिनइंजिनाच्या ग्लायडरचे पंख मी जोडते आहे. आपण छत्री उघडून उन्हात उभे आहात. आपण सर्व विद्यार्थ्यांना अहो-जाहो करता, त्यामुळे आम्हाला अधिकच भीती वाटते.

"झालं?"

"झालं, सर. अगदी बिनचूक."

"मग बसा पुढे."

"पण आज माझी पाळी नाही."

"जोडणाऱ्याने आधी बसावं, अशी इथली रीत आहे. बिनचूक म्हणताना डगमगला नाहीत, मग बसताना का?"

आपण मागच्या आसनावर बसता. मी विचारते, मी घाबरले की नाही हे कळायला मागून माझा चेहरा कसा दिसणार. "मान दिसते," आपण म्हणता. "चेहऱ्याला शिकवता येतं. मानेला नाही."

दोर ताणला जातो, जमीन सुटते, दोर सुटतो. आणि वर, त्या शांततेत, डावीकडून बारीक खडखड ऐकू येते.

"सर, हा आवाज कसला?"

"मला काय विचारता? मी जोडलंय?"

उतरल्यावर मी एकेक सांधा उघडून पाहिला. सगळे जागच्या जागी होते. आपण छत्री मिटत म्हणालात, "आता पुढच्या वेळी तो 'बिनचूक' शब्द जरा हळू म्हणा." त्याचा राग माझ्या मनात कित्येक वर्षे होता. आज वाटते, माझ्या शिक्षणातली तेवढी एकच गोष्ट मला परीक्षेविना समजली.

म्हणून आज सकाळी मी आमच्या कंपनीच्या संचालकांकडे गेले आणि सोमवारी त्या विमानात एक आसन मागितले. ते गोंधळले. "मॅडम, मंजुरी देणाऱ्याने आत बसायचं नाही, असा नियम आहे."

"नियम बदला."

"तुम्हीच लिहिलाय तो."

खरे आहे. मीच लिहिला, आणि चांगला लिहिला. आत बसणारा माणूस जिवाच्या भीतीने आकडा वाढवतो किंवा धीट दिसण्यासाठी घटवतो. म्हणून ठरवणाऱ्याने जमिनीवर राहावे. सर, आपली रीत बरोबर आहे आणि माझा नियमही बरोबर आहे. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत, आणि मला दोहोंपैकी एकातही खोट काढता येत नाही. शिवाय येथे जोडणारा तरी कोण? बॅटरी एका देशातून येते, मोटारी दुसऱ्या देशातून, आणि गणित माझे. उद्या काही खडखडले, तर तो वैमानिक कोणाकडे मान वळवील?

आता जे सांगायचे आहे ते क्रमात कोठेच बसत नाही. संचालकांनी नकार दिला तेव्हा मला बरे वाटले. दाराबाहेर येऊन मी मोकळा श्वास घेतला. तो विमानावरच्या अविश्वासाचा होता, की पासष्टीतल्या बाईच्या साध्या भीतीचा, हे मी दिवसभर तपासते आहे. तपासायचे साधन माझ्याकडे नाही.

आपल्याला जाऊन फार वर्षे झाली, आणि हे पत्र टपालात पडणार नाही, याचे मला भान आहे. तरीही विचारते. ज्या विमानात बसावे लागणार नाही म्हणून मला हायसे वाटले, त्यात दुसऱ्याला बसवण्याच्या कागदावर मी सही करावी का? होय किंवा नाही, कारणासह, सोमवारच्या आत लेखी कळवावे.