वहीतले सात मेदाका

बाई, तळ्यावर सगळे तुम्हाला सेन्सेई म्हणायचे. मी तोंडाने तेच म्हणायचे, पण मनात कायम बाई, कारण आमच्या गावच्या शाळेत शिकवणारीला बाईच म्हणत. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. हे मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्ही असता तरी तुम्हाला वाचता आलं नसतं. कदाचित म्हणूनच लिहायला जमतंय.

इथे जपानात, फुनाबोरीत, तेव्हा आपल्याकडची कंप्युटरवाली मंडळी नुकती येऊ लागली होती. माझे यजमान त्यांतलेच. तीन वर्षांसाठी आले आणि दुसऱ्याच वर्षी ऑफिसात छातीत दुखून गेले. दिवसकार्य देशात झालं. मुलीची शाळा इथे बसली होती, म्हणून तिला घेऊन मी परत आले आणि एकट्या राहणाऱ्या इंजिनियरांना डबे देऊ लागले. वर्षश्राद्धाला पानावर दहीभात घेऊन मी तळ्याकाठी गेले आणि कावळ्यासाठी ठेवला. इथले कावळे रोज सकाळी कचऱ्याच्या पिशव्या फाडतात, पण त्या दिवशी तिघं कुंपणावर बसून नुसते बघत राहिले. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलंय, असं आमच्यात मानतात. त्यांचं काय राहिलं ते मी काय शोधणार, सगळंच राहिलं होतं. मुलीला सांभाळीन, असं हात जोडून म्हटलं. तरी नाही. तास गेल्यावर तो घास मी पाण्यात सोडला, आणि खालून एक मोठा कोइ मासा वर आला, आपल्या कटल्याएवढा, कपाळावर पांढरा ठिपका. एका दमात त्याने सगळं गिळलं. मी तिथेच बसून रडले. तेवढ्यात गुडघाभर रबरी बूट घातलेल्या तुम्ही आलात आणि पाटीकडे बोट दाखवून म्हणालात, "इथे माशांना खायला घालायचं नाही. वाचता येत नाही का?"

मी म्हटलं, "नाही येत."

पुढच्या रविवारी तुम्ही माझ्या मापाचे बूट घेऊन आलात आणि तीच पाटी मला अक्षर अक्षर लावून वाचायला लावलीत. मी वाचलेला पहिला शब्द मेदाका. बोटाच्या पेराएवढा मासा, पूर्वी इथल्या भातखाचरांत, तळ्यात कुठेही असायचा. तुम्ही लहानपणी ओंजळीत धरलेला. आता या तळ्यात एकही नव्हता. कुणीतरी हौसेने आणून सोडलेले कोइ गाळ ढवळतात, पाणवेली उपटतात, आणि मेदाका अंडी घालतो ती त्या वेलींनाच. तो परत आलेला डोळ्यांनी बघायचा, एवढंच तुम्हाला हवं होतं. दर रविवारी आपण गाळ काढायचो, काय दिसलं ते तुम्ही वहीत लिहायचात. घरमालक परदेशी विधवेला खोली द्यायला कां-कूं करत होता, तेव्हा तुम्ही जामीन म्हणून शिक्का मारलात आणि वर मला दटावलंत, आभार काय मानताय, रविवारी वेळेवर या.

त्या हिवाळ्यात कोइ काढून टाकायला तळं उपसलं. आपण सगळे चिखलात उभे आहोत, पंप घरघरतोय, आणि माझ्या जाळ्यात तोच पांढऱ्या ठिपक्याचा कोइ येतो. बाकीचे कोइ ट्रकमधून जाणार होते. कुठे, ते कुणाला नीट सांगता येत नव्हतं. तुम्ही पलीकडे पाठमोऱ्या होतात. माझ्या सायकलवर डब्यांची थर्मोकोलची पेटी होती. मासा त्या पेटीतून घरी आला. आम्ही बादली-तांब्याने आंघोळ करणारी माणसं, आमचा टब तसाही कोरडाच असायचा. मुलगी शाळेतून आली, टबाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाबांचा ना हा?" मग जपानीत, हळूच, "सेन्सेईंना माहितीये?" मी तिला हात धुवायला पाठवलं. महिन्याने तळं पुन्हा भरलं तेव्हा पहाटे जाऊन मी त्याला सोडून आले.

तुम्ही वेली लावल्यात, दूरच्या एका शेतकऱ्याच्या पाटातून मेदाका आणून सोडलेत. उन्हाळ्यात वेली मुळासकट तरंगू लागल्या आणि मासे दिसेनासे झाले. जाळं हातात घेऊन तुम्ही काठावर उभ्या राहिलात आणि मला विचारलंत, "आपलं कुठे चुकलं असेल?" मी म्हटलं, बगळे असतील. तुम्ही मान डोलावलीत. माझ्या शब्दावर तुम्ही कधी शंका घेतली नाहीत, तेच मला सोसवत नाही.

पुढच्या वसंतात तुम्ही हॉस्पिटलात होतात. हात इतके बारीक झालेले की पाण्याचा पेलासुद्धा मीच धरायचे. तुम्ही विचारलंत, "दिसले का?"

मी म्हटलं, "दिसले. सात."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालात, "वहीत लिहा. तुमच्या हाताने लिहा." तिथेच, तुमच्या उशाशी बसून मी लिहिलं. त्या वहीतली माझ्या अक्षरातली ती पहिली ओळ. आठ दिवसांनी तुम्ही गेलात. त्या सकाळी तळ्यात एकही मेदाका नव्हता.

पुढे काही वर्षांनी तळं पुन्हा उपसलं. ठिपक्याचा कोइ मीच उचलला आणि ट्रकपर्यंत नेला. जड झाला होता. यजमानांना मनातल्या मनात म्हटलं, आता पुरे. पोरगी मोठी झाली, मला उलट बोलते, त्याअर्थी सगळं ठीक आहे. त्यानंतरच्या दुसऱ्या वसंतात वेलींखाली मेदाका दिसले, खरेच. मी बूट काढून काठावर बसले. हे बघायला तुम्ही हव्या होतात, आणि तुम्ही नव्हतात त्यात आजार किती आणि मी किती, याची वाटणी मला अजून करता आलेली नाही.

आता वही माझ्याकडे असते. नवे लोक येतात, मी त्यांना बूट देते आणि पाटी वाचून दाखवते. ते विचारतात, मेदाका परत कधी आले? हे पत्र त्या वहीतच ठेवायचं मनात होतं, पण वही सगळे उघडतात, म्हणून ते घरीच कपाटात राहील. सातचा तो आकडा खोडायला मी दोनदा पेन हातात घेतलं आणि दोन्ही वेळा टोपण लावून ठेवलं. कुणी विचारलं की मी तेच पान उघडते आणि तुमचंच वर्ष दाखवते.