मेंढरं-माणसं बरी?

साइरा एझे,

माझी एझे, थोरली बहीण म्हणून तू माझं केवढं नुकसान करून ठेवलंयस, ते आज कळलं.

लहानपणी पाहुणे आले की रिवाजाप्रमाणे विचारायचे, "मेंढरं-माणसं बरी?" मी खरं तेच सांगायचो: दोन लंगडतायत, एकीला हगवण लागलीय, आई सकाळपासून रडतेय. मग तू आठवडाभर माझ्याकडून घोकून घेतलंस, "मेद्या, कुणी काहीही विचारू दे, 'छान' म्हणायचं आणि चहा ओतायचा!"

माझा ऑटिझम चाळिशीत सापडला. त्याच्या जोडीला उदासी, धास्ती असलं काही आहे का, ते आज नारीन शहरातल्या दवाखान्यात तपासणार होते. डॉक्टरीणबाई आपल्याच खोऱ्यातल्या निघाल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "मेंढरं-माणसं बरी?"

"छान."

मग कागद पुढे ओढून त्याच सुरात, "झोप?"

"छान."

"भूक?"

"छान."

"जगण्याचा कंटाळा?"

"तोही छान."

बाई खळखळून हसल्या आणि सगळीकडे शून्य मांडलं, म्हणजे त्रास काहीच नाही. मी त्यांना चहासुद्धा ओतून दिला.

एझे, दोन महिने मी धड जेवलेलो नाही. मधमाश्यांच्या पेट्या उघडलेल्या नाहीत.

हे पत्र टाकणार नाही. टाकलं तर तू फोन करून "कसा आहेस?" विचारशील, आणि मी काय म्हणेन ते तुला ठाऊकच आहे.

बाई अजून आत आहेत. आता बाकावरून उठतो, दार वाजवतो आणि सांगतो, "पुन्हा विचारा. फक्त या वेळी मेंढरांपासून सुरुवात करू नका."

मेंढरं खरोखरच बरी असलेला,
तुझा मेदेर