मिटणाऱ्या पात्याचा हुकूम

भाद्रपद व. ३

काल मंडईत दोन पथकांच्या शिपायांत जुंपली. भांडण पानाच्या दुकानावरचे, जीव गेला एकाचा. मारणाऱ्याच्या कमरेला तलवार होती, ती म्यानातच राहिली. अस्तनीतून बिचवा निघाला.

सकाळी चावडीवर हवालदार म्हणाले, "पंत, बिचवे बंद. हुकूम लिहा." एवढेच. मी लिहायला बसलो आणि रंगात आलो. बिचवा तेवढा बंद केला तर लोक जंबिया लपवतील. असली पाती पुण्यात माझ्याइतकी कोणी हाताळली आहेत? म्हणून लिहिले: 'कमरेस उघडे हत्यार ज्याचे त्याने वागवावे. मिटणारे, लपणारे पाते, कोणत्याही नावाचे असो, चावडीवर जमा करावे. न करील त्यास बेडी घालून गडावर पाठवावे.' शिक्का झाला. घरी येईपर्यंत 'कोणत्याही नावाचे असो' मनात घोळत होते. छान जमले आहे.

व. ५

दवंडी फिरली. दुपारी पेठेतले सगळे न्हावी चावडीपुढे येऊन बसले. त्यांचे वस्तरे जमा केले. का, तर मिटतात. एक म्हातारा मला म्हणाला, "पितृपक्ष सरला की सारं पुणं हजामतीला येईल. तेव्हा काय अडकित्त्यानं करू?" हवालदार हसले. मीही हसलो, हे लिहून ठेवतो.

वस्तरा वगळावा, पुरवणी लिहितो, असे सुचवले. हवालदार: "कशाला? ज्याला गरज असेल तो येईल भेटायला." येत आहेत. भेटतात आणि वस्तरा घेऊन जातात. भेटीत काय होते ते मी विचारत नाही. विचारायला हवे.

व. ८

जमादार मानाजी दारात. "पंत, आपल्याकडं लई पाती हायेत म्हणं. हुकूम हाय. अक्षर बी आपलंच हाय."

काढून दिली. अरब शिपायाकडून घेतलेला जंबिया, वसईकडचा फिरंगी चाकू, दोन बिचवे. वीस वर्षांची हौस. माझ्या घरी त्यांनी तेलाखेरीज काही चाखले नाही. वाईट वाटले, पण नियम तो नियम.

मग तो आत वळला, वहिनींच्या पेटीकडे.

दादा फौजेबरोबर कारकून म्हणून नर्मदेपलीकडे गेला आणि तापाने तिकडेच वारला. सोबत्याने परत आणला तो फक्त त्याचा बोरू तासायचा चाकू. सांबरशिंगाची मूठ, चार बोटे पाते, घडीचे. दादाचे म्हणून वहिनींकडे तेवढेच. दर खंडेनवमीला दौत-बोरूशेजारी पाटावर मी तो पूजेला मांडतो.

म्हटले, अहो, हे लेखणीचे अवजार आहे. मानाजीने उघडून पाहिले, मिटून पाहिले. "मिटतंय की." त्याच्या स्वतःच्या कमरेला हातभर कट्यार. ती उघडी, म्हणून ती चालते.

तो गेल्यावर वहिनींनी विचारले, "हुकूम तुम्हीच लिहिलात ना, भावोजी?"

जेवलो नाही.

व. ११

हवालदारांशी वाद. माणूस मारला बिचव्याने आणि शिक्षा बोरूच्या चाकूला. उद्या कोणी पाटा घालून मारला तर घरोघरचे पाटे-वरवंटे जमा करणार का? रस्त्यात ढाल-तलवारी खणखणवत चाललेत, त्यांना सलाम, आणि दादाचे चार बोटे पाते चोर. एवढे सगळे मनात. तोंडातून निघाले, "विचार व्हावा."

हवालदार: "पंत, तुमच्यासाठी सोडला तर न्हाव्यांना काय तोंड दाखवू?"

न्हाव्यांना म्हणे. डोके फिरते या माणसाशी बोलताना.

आश्विन शु. २

जमा पात्यांची यादी करायला बसवले. पोते उपडे केले. माझा जंबिया नाही. फिरंगी चाकू नाही. दादाचा नाही. उरले आहेत ते गंजके विळे आणि ज्यांना भेटीला येणे परवडले नाही त्यांचे वस्तरे. त्या म्हाताऱ्याचाही त्यात आहे.

वर मान केली तर हवालदार पेरू कापत होते. सांबरशिंगी मूठ. "धार उत्तम आहे," म्हणाले. मलाच एक फोड दिली. मी ती घेतली. स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

शु. ६

परवापासून लोक येताहेत. खंडेनवमीला पूजेपुरते हत्यार द्या, मग परत जमा करतो. रास्त मागणे आहे. उत्तर: बघू. वहिनी काही विचारत नाहीत. विचारले असते तर बरे झाले असते.

शु. ८

हवालदारांनी बोलावले. "नवा हुकूम. जमा झाले ते सरकारजमा, परत मिळणार नाही. लिहा. तुमच्यासारखी पक्की भाषा कोणाची नाही."

बोरूचे टोक बोथट होते. त्यांनीच दादाचा चाकू पुढे केला. "घ्या, तासा."

तासला. चाकू मिटला. अस्तनीत टाकला. म्हटले, "हे मी लिहिणार नाही," आणि उठलो. पण आवाज इतका बारीक निघाला की कोणी ऐकले असेल असे वाटत नाही. पाणी प्यायला चाललो असे समजले असावेत.

घरापर्यंत अस्तनीवरचा हात काढला नाही. भीतीने नाही. निदान नुसत्या भीतीने नाही.

शु. ९, खंडेनवमी

पाट मांडला. दौत, बोरू, चाकू. (हे बाजूला राहिलेल्या एका जुन्या बोरूने लिहितो आहे. आज लिहू नये. दोष माझा.)

वहिनी: "मागून आणलात की उचलून?" मी गंध उगाळत राहिलो. त्यांनी झेंडूचे फूल आणून माझ्या हातात दिले. "वाहा," म्हणाल्या.

पूजा झाली तोच मानाजी, बरोबर दोन शिपाई. "पंत, हवालदार बोलावत्यात. चाकूसकट."

मी उठू लागलो. वहिनी कधी परक्यासमोर येत नाहीत, त्या आज दाराशी आल्या. "पूजेला मांडलेलं आज हलवत नाहीत. तुमच्या घरी हलवतात का?"

मानाजीने खाली पाहिले. त्याची कमर मोकळी होती, त्याचीही कट्यार आज पाटावरच असणार. मग म्हणाला, "न्हाई, बाई." शिपायांना परत पाठवले आणि पायताण काढून ओट्यावर बसला. "उद्या उत्तरपूजा हुईस्तवर बसतो. मग मात्र न्यावं लागंल. चाकू बी, पंतांना बी."

वहिनींनी त्याला आतून प्रसाद पाठवला. तो अजून बसून आहे. वहिनी पाटाजवळ बसल्या आहेत, चाकूला हात न लावता.

उत्तरपूजेशिवाय पाटावरचे काही हलत नाही, आणि ती घरच्या पुरुषाने करायची असते. म्हणजे मी. मी केली नाही तर काय होते, हे वहिनींनी मघाशी विचारले.