बाबूला सांगितलेल्या वाटेच्या गोष्टी

बाळकुम, मंगळवार, पौष १९५४

बाबू आज गेला. त्याचे शेतीखात्यातले साहेब मक्याचं बियाणं बघत मेक्सिको नावाच्या देशात खेडोपाडी मोटारीनं हिंडणार, आणि मोटार हाकायला माझाच मुलगा हवा. तीन वर्षं.

रडायचं नव्हतं म्हणून मी सांगतच सुटले. अंधार पडला की मोटार उभी करायची. पाणी उकळून प्यायचं. वाट एकाला नाही, तिघांना विचारायची. खेड्यातला माणूस दोन कोसांनाही 'हे काय, इथंच' म्हणतो.

"आये, त्यांचं 'इथंच' मला कळायला तरी हवं."

खरंच की. निम्मं सांगणं तिथंच वाया गेलं. तरी म्हटलं, भूक लागली तर म्हातारीच्या दारात उभा राहा, तिला भाषा लागत नाही. तर म्हणतो, "तिथं घरोघर मक्याची भाकर थापतात म्हणे. मग परत कशाला येऊ?"

गंमतच केली असेल. हसत होता ना. पण परत कशाला येऊ, असं निघताना कुणी बोलतं? उंबऱ्यात 'येतो' तरी म्हणाला का? म्हणाला असेल. मला ऐकू आलं नाही.

संध्याकाळी धाकटी जाऊ केरसुणी घेऊन आली. मी ती हिसकावली. गेलेलं माणूस पोचल्याशिवाय मागं घर झाडत नाहीत.

"बाय, महिनाभर बोट, पुढं नुसतं हिंडणं. तो पोचला कधी म्हणायचं?"

"घरी येईल तेव्हा."

"तोवर कचऱ्यात जेवायचं?"

मी केरसुणी दाराआड ठेवली. तिनं केरावरच पाट मांडले.