लाल फितीतली ट्रॉली

३ जून, मंगळवार
आजपासून डायरी. एअरवे कमिटीचा अध्यक्ष झालो. पेशंटचा श्वास अडकला की नळी टाकायचं सामान आमच्याकडे प्रत्येक वॉर्डात वेगळीकडे. कॅज्युअल्टीत कपाटात, लेबर रूममध्ये सिस्टरच्या टेबलाखाली. आता सगळ्या हॉस्पिटलात एकसारखी ट्रॉली, तोच कप्पा, तेच सामान. महिन्यात करून दाखवतो.
दाढ ठणकते. लवंग धरली.

९ जून
नवीन सामान पर्चेसवाल्यांकडे ‘प्रोसेसमध्ये’ आहे. माझं अडत नाही. वॉर्डांतलं जुनं सगळं गोळा करून ट्रॉल्यांत लावलं. आयसीयूच्या इन्चार्ज राजश्री सिस्टर म्हणाल्या, तोपर्यंत आम्ही काय वापरायचं? म्हटलं, सिस्टर, जरा मोठं चित्र बघा. त्या बघत राहिल्या, पण माझ्याकडे.

१२ जून
ट्रॉल्या सेमिनार हॉलमध्ये ओळीने उभ्या. डोळे निवले. डीन म्हणाले, असं गुपचूप नको, पाहुणे बोलावून उद्घाटन करू. लगेच लाल फिती बांधल्या. लेखी आदेश काढला: उद्घाटनापूर्वी कोणीही हात लावू नये. सही माझी.
डेंटल ओपीडी खालच्याच मजल्यावर. उद्या नक्की.

१६ जून
उद्घाटन पुढे ढकललं. पाहुण्यांना दुसरीकडे कुठेतरी फीत कापायची आहे. माझा रेसिडेंट प्रितम म्हणाला, सर, एक तरी ट्रॉली आयसीयूला द्या, लय टेन्शन येतं. त्याला शिस्तीचं महत्त्व समजावलं. मान हलवून वॉर्डात गेला. पटलं असावं.
डेंटलला जायचं राहिलं. मीटिंग होती. मीच बोलावलेली.

२० जून
गाल सुजला. अमिता म्हणते, अहो, आरशात बघा तरी. बघितलं. चेहरा थोडा भरलाय, वाईट नाही दिसत. मुलीच्या खोकल्याच्या उरलेल्या गोळ्या सापडल्या, त्या घेतल्या. डॉक्टर आहे मी.

२२ जून, रविवार, सकाळ
सूज हनुवटीखाली उतरली. तोंड उघडत नाही. अमिताने पेज केली, ती गिळवेना. सोमवारी दाखवू म्हटलं. म्हणजे कागदावर लिहून दाखवलं. ती डोकं धरून बसली.

२४ जून, आयसीयू
नाकात नळी. बोलता येत नाही, लिहिता येतं.
रविवारी दुपारी श्वास लागला. अमिताने कोपरखैरण्याहून रिक्षात घालून आणलं. ती रस्ताभर मला शिव्या देत होती आणि रडत होती. प्रितम म्हणाला, सर, सुजेने जीभ वर उचललीय, कॅमेऱ्याच्या स्कोपनेच नळी टाकावी लागेल. स्कोप ट्रॉलीत. ट्रॉली हॉलमध्ये. हॉलला कुलूप. चावी घेऊन वॉचमन जेवायला गेलेला. इतक्या हतबलपणे मी आयुष्यात कुणाची वाट बघितली नाही.
शेवटी ट्रॉली आली. प्रितमने फितीला कात्री लावली, तेव्हा मी म्हणे दोन्ही हातांनी नको नको करत होतो. अमिता सांगते. मला आठवत नाही. मला आठवतंय ते एवढंच की सामान अगदी ज्या त्या कप्प्यात होतं.

२६ जून
सूज बरीच उतरली. उद्या सकाळी नळी काढणार. काढल्यावर घसा पुन्हा मिटला तर त्याच मिनिटाला परत टाकावी लागते, हे मीच पोरांना शिकवतो. म्हणून राजश्री सिस्टरना लिहून विचारलं, ट्रॉली कुठे?
म्हणाल्या, नवी फीत बांधून हॉलमध्ये नेली, सर. उद्घाटनाची तारीख मिळालीय. आणि आदेश तुमचाच.
मी लिहिलं: आदेश रद्द.
त्यांनी डीन ऑफिसला फोन लावला. बराच वेळ होय साहेब, होय साहेब म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता सांगितलं, कमिटीचा आदेश फक्त कमिटीचे अध्यक्ष मागे घेऊ शकतात. आणि अध्यक्ष सध्या आजारपणाच्या रजेवर आहेत.
प्रितम पुन्हा खटपटीला लागलाय. मला भीती वाटते. अमिताचा हात धरून ठेवलाय, म्हणून अक्षर असं आलंय.